यादीतली आठवी

३ सप्टेंबर

घुम्या,

हा मापांच्या वहीतला कागद आहे. चांगल्या कागदावर लिहावं असं या पत्रात काही नाही.

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात मिळालं. बारा मीटर लाल कापड, आणि वर चिठ्ठी, ‘ताई, पहिला झगा तू शिवला होतास, हाही तूच शिव.’ तू कार्डिनल होणार हे फादरांनी मिस्सा संपल्यावर वेदीवरूनच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने त्या दिवशी पावाचे पैसे घेतले नाहीत. चार वर्षांचा होईपर्यंत ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, ज्याला अख्खी गल्ली घुम्या म्हणायची, तो पोपचा राजदूत होऊन सहा देशांत बोलून आला आणि आता लाल टोपी घालणार. आई असती तर दारोदार सांगत फिरली असती.

मी कापड टेबलावर पसरलं. खडूने पाठ आखली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक म्हातारी सिस्टर होती. गुडघे गेलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘मी तुमच्या मुलीच्या दवाखान्यात स्वयंपाक करायचे.’’

घुम्या, माझ्या भिंगरीबद्दल पाच वर्षांत माझ्या घरात येऊन बोललेली ती पहिली बाई.

तिने सांगितलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. म्हणजे मला माहीत आहे हे तुला कळेल. तू राजदूत होतास त्या देशात खाणीत संप झाला, गोळ्या चालल्या, जखमी माणसं दवाखान्यात आली, तिथल्या आठ सिस्टरांनी पट्ट्या बांधल्या. पट्ट्या बांधल्या म्हणून आठही जणींना तुरुंगात टाकलं. मग मंत्र्याने तुला सांगितलं, सात सोडतो, एक खटल्यासाठी ठेवतो, नावं लिहून द्या. एके सकाळी अंगणात उभं करून यादी वाचली. वरच्या सात बाहेर, आठवी आत. आठवी भिंगरी. कारकुनाच्या हातातला कागद स्वयंपाकीणबाईंनी स्वतः पाहिला. अक्षर तुझं. दवाखान्याला तू दरवर्षी पत्र पाठवायचास, तेच तिरकं अक्षर.

आणि दुसरं. ती राजदूताची भाची आहे हे पहारेकऱ्यांना माहीत नव्हतं. या बाईलाही नव्हतं. या महिन्यात पेपरात तुझ्या घराण्याची माहिती छापून आली तेव्हा तिला कळलं, आणि दोन गाड्या बदलून ती माझ्याकडे आली.

मला तू पाच वर्षं सांगत आलास, ‘ताई, शक्य ते सगळं केलं.’ मीही ते धरून बसले. ताप आला, गेली, देवाची इच्छा, असं म्हणत बसले. आता एकच विचारते. तिला शेवटी का घातलंस?

कात्री बाजूला ठेवली आहे.

ताई


१६ सप्टेंबर

प्रिय भगिनीस,

प्रभूची शांती तुझ्या घरी नांदो.

तुझे पत्र पोहोचले. तुझ्या वेदनेची मला पूर्ण जाणीव आहे. त्या कठीण काळात संबंधित सर्व पक्षांशी योग्य त्या पातळीवर संवाद साधण्यात आला होता आणि उपलब्ध परिस्थितीत जे निर्णय झाले ते अनेक बाबींचा साकल्याने विचार करून झाले. त्यांतील काही बाबी पदाच्या गोपनीयतेत येतात, त्यामुळे त्यांविषयी लिहिणे उचित ठरणार नाही. ज्या सिस्टर तुला भेटल्या त्या वयोवृद्ध आहेत. स्मृती कधी कधी फसवी असते.

समारंभ २८ नोव्हेंबरला आहे. तुझी राहण्याची व्यवस्था केली आहे. पहिल्या रांगेत कुटुंबीयांसाठी जागा असते. माझ्या बाजूने तिथे बसणारं तुझ्याशिवाय कुणी नाही.

झग्याची घाई नाही.

तुझा बंधू


२४ सप्टेंबर

संबंधित पक्ष,

मी शिवणकाम करते. शिवण उसवायलाही मला येतं. तुझं पत्र ओळीओळीने उसवलं. ‘साधण्यात आला होता.’ कुणी साधला? ‘निर्णय झाले.’ आपोआप झाले? अख्ख्या पत्रात एकही वाक्य असं नाही ज्यात तू काही केलंस. शेवटी तेवढं एक आहे, ‘व्यवस्था केली आहे’. म्हणजे माझ्या खोलीची सोय तू केलीस आणि बाकीचं सगळं वाऱ्याने केलं.

आणि काय रे, स्मृती फसवी? त्या बाईला अजून आठवतं, भिंगरी तुरुंगात आपली चादर कुणाला द्यायची, कुठल्या गाण्याची ओळ गुणगुणायची, डाव्या पायातली चप्पल तुटल्यावर दोरी कशी बांधली होती. तिला म्हातारी म्हणून मोडीत काढतोस? ती तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. माझ्याहून लहान आहे.

तुला आठवतं, तू आर्चबिशप झालास तेव्हा मी विचारलं होतं, आर्चबिशप म्हणून तुला कुठलं गाव मिळालं? तू हसून म्हणालास, राजदूताला नावापुरतं गाव देतात, हजार वर्षांपूर्वी वाळूत गेलेलं. तिथे चर्च नाही, माणसं नाहीत. तेव्हा मीही हसले होते. आता कळतं, ते गाव तुला का मानवलं. माणसंच नाहीत, तर कुणी येऊन जाब विचारायची भानगड नाही. पण मी त्या गावची नाही, घुम्या. मी आपल्या गल्लीतली आहे. तुझं नाक पुसलेली आहे. माझ्यापुढे तुझे बुडबुडे चालायचे नाहीत.

तुझ्या समारंभात पहिल्या रांगेत मी बसायचं आणि लोकांनी म्हणायचं, बघा कार्डिनलसाहेबांची बहीण, शिंपीण आहे, किती साधी. माझ्या लेकीच्या नावाने कुणी खुर्ची ठेवली आहे का रे तिथे?

यादी कुणी लिहिली? तिला शेवटी का घातलंस? उत्तर दोन ओळींचं आहे. तिसरी लिहिलीस तर ती खोटी समजेन.

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

यादी मी लिहिली. तिला शेवटी मी घातलं.

तिसरी ओळ खोटी समजणार असशील तर समज, पण लिहू दे.

मंत्र्याची खोली लांबट होती. मी टेबलाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. म्हणाला, ‘‘न्यायालयापुढे उभं करायला एक तरी हवी, नाहीतर आमची काय शोभा राहील? तुम्हीच लिहून द्या, वरच्या सात सोडतो.’’ मी खिशातून पेन काढलं. तीस वर्षं मी जेवणाच्या टेबलावर कोण कुणाच्या उजवीकडे बसणार याच्या याद्या करत आलो, ताई. ज्येष्ठता, व्रत घेतल्याचं वर्ष, हुद्दा. हात आपोआप त्या क्रमाने चालला. मठाची प्रमुख पहिली. सर्वांत उशिरा व्रत घेतलेली शेवटी. शेवटी कोण येतंय हे मला सातवं नाव लिहितानाच दिसलं.

मी थांबलो नाही. तिच्यापुढे ‘भाची’ हा एक शब्द लिहिला असता तर मंत्र्याने तिलाच आधी सोडलं असतं, मला खूश करायला. मग बाहेर म्हणाले असते, राजदूताने म्हाताऱ्या नन्स तुरुंगात ठेवल्या आणि भाची काढली. आमच्याकडे एके काळी भाच्या-पुतण्यांना लाल टोप्या वाटत. ती बदनामी शेकडो वर्षं धुऊन निघालेली नाही. मी तरुण असताना मनाशी ठरवलं होतं, माझ्याबद्दल कुणी हे म्हणता कामा नये. ते मी पाळलं. मला वाटलं, हा सचोटीचा भाग आहे.

आणि एक तुला कधी सांगितलं नाही. तिनेच तसं मागितलं होतं. यादीच्या दोन आठवडे आधी तुरुंगाच्या डॉक्टरने मला तिची चिठ्ठी आणून दिली. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने. तिने लिहिलं होतं, ‘मामा, या सगळ्या म्हाताऱ्या आहेत. यांना आधी काढ. मला शेवटी ठेव.’

मी तिचं ऐकलं. तुला सांगितलं नाही, कारण ती चिठ्ठी मी अहवालाला जोडून सीलबंद थैलीतून इथे सचिवालयात पाठवली होती. तसा नियम आहे. जोडपत्र क्रमांक चार. ती आता दप्तरखान्यात आहे आणि पंचाहत्तर वर्षं कुणाला बघता येत नाही.

घुम्या


१७ ऑक्टोबर

घुम्या,

तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मशीनवर बसले नाही. एका नवरीचा झगा द्यायचा होता, तो शेजारणीकडे पाठवला. सुई बोटात गेली असती.

तिनेच मागितलं होतं, म्हणतोस. केवढं बरं वाटलं असेल तुला ते लिहिताना. पाच वर्षं खिशात ठेवलेलं उत्तर.

भिंगरी सहा वर्षांची होती, कुत्रं चावलं होतं. इंजेक्शन नको म्हणून तिने दवाखाना डोक्यावर घेतला. नको म्हणाली म्हणून आपण ऐकलं का? तू सुट्टीला आला होतास. तू पाय धरलेस, मी हात, तुझ्या भावोजींनी डोकं, आणि टोचलं. नंतर तूच तिला खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवलंस. तेव्हा मामा होतास. एकोणतीस वर्षांची पोर तुरुंगातून लिहिते, मला शेवटी ठेव. आणि एकसष्ट वर्षांचा मामा म्हणतो, बरं.

ती तसंच लिहिणार होती! चादर देऊन टाकणारी पोर ती, दुसरं काय लिहिणार? मोठं होण्याची पाळी तुझी होती, तिची नव्हती. तिने तिचं काम केलं. तू तुझं पेन चालवलंस.

सचोटी म्हणे. कुणी काही म्हणू नये म्हणून तू माझी पोर त्यांच्या हातात ठेवलीस. आणि खरंच कुणी काही म्हणालं नाही, बघ. सगळे टाळ्या वाजवतायत.

आता माझं ऐक. तिच्या वस्तूंपैकी माझ्याकडे काही आलं नाही. क्रूस नाही, चष्मा नाही, ती दोरी बांधलेली चप्पल नाही. देह दिला नाही, कुठे पुरला ते सांगितलं नाही. एक सरकारी कागद आला, ‘तापाने मृत्यू’, त्यावर तिचं नावसुद्धा चुकीचं लिहिलेलं. आणि या सगळ्या काळात तिच्या हातची पेन्सिलीची अक्षरं होती आणि तू त्यांना नंबर दिलास. जोडपत्र क्रमांक चार. मी काय पंचाहत्तर वर्षं जगणार आहे?

ती चिठ्ठी मला हवी आहे. नक्कल नको, फोटो नको, तो पुठ्ठा हवा. नियम मला सांगू नकोस. सगळे नियम तू माझ्या लेकीवर वापरून संपवलेस.

चिठ्ठी आली नाही तर मी समारंभाला येईन. पहिल्या रांगेत बसेन. आणि तू टोपी घ्यायला गुडघे टेकशील तेव्हा उभी राहून आठही नावं मोठ्याने वाचेन, तुझ्याच क्रमाने.

ताई


११ नोव्हेंबर

ताई,

उशीर झाला. तीन वेळा परवानगी मागितली, तिन्ही वेळा नम्रपणे नाही म्हणाले. नम्रपणे नाही कसं म्हणायचं हे इथल्या अर्ध्या लोकांना मीच शिकवलं आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

काल दुपारी दप्तरखान्यात गेलो. तिथला म्हातारा फादर बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून बसतो. तळघर कायम गार असतं. तो माझ्याबरोबर सेमिनरीत शिकायला होता. म्हणाला, ‘‘बाहेर नेता येणार नाही. इथे बसून पाच मिनिटं बघ.’’ आणि मुद्दाम की खरोखर, देव जाणे, शिडी घेऊन दुसऱ्या कपाटाकडे गेला.

मी चिठ्ठी प्रार्थनेच्या पुस्तकात घातली आणि जिना चढून बाहेर आलो. सहासष्ट वर्षांत केलेली ही पहिली चोरी. पहारेकऱ्याने सलाम ठोकला.

सोबत पाठवतो आहे. टपालाने नाही, आपल्या गावाकडच्या एका फादरच्या हाती.

मी तुला ती अर्धीच सांगितली होती. पूर्ण वाच. पाठीमागेही लिहिलं आहे.

समारंभात उभं राहायचं असेल तर राहा. मी अडवणार नाही.

घुम्या


१८ नोव्हेंबर

घुम्या,

चिठ्ठी मिळाली. हाताच्या पंजाएवढी आहे. एका बाजूला औषधाचं नाव छापलेलं. अक्षर तिचंच, ‘म’ला गाठ न मारणारं. शाळेत बाईंनी किती वेळा टोकलं, सुधारलं नाही.

पुढच्या बाजूला तू सांगितलंस तेच आहे. मागची बाजू मी खिडकीपाशी जाऊन वाचली. नंतर स्वयंपाकीणबाईंना वाचून दाखवली. त्या माझ्याकडेच राहिल्या आहेत. त्या उठून भांडी घासायला लागल्या.

‘आणि मग माझ्यासाठी ये. उशीर करू नकोस, मामा. मी त्यांच्यापुढे धीराने वागते, पण मला इथे फार भीती वाटते.’

हे तू पाच वर्षं गिळून बसला होतास. यादीचं मी समजून घेतलं असतं, कदाचित. खूप वर्षांनी, शिव्या देऊन देऊन. एकीला मागे राहायचंच होतं, ती स्वतःहून राहिली. पण तिने तुला रस्ता सांगितला होता. आधी त्या, मग मी. तू अर्धं ऐकलंस. सोपं होतं तेवढं ऐकलंस.

मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले. १९ मार्चला सात सुटल्या. २ एप्रिलला तुझा फोन आला. ‘ताई, बढती झाली, मोठ्या देशात चाललोय.’ मी विचारलं, भिंगरीचं काय? म्हणालास, प्रयत्न चालू आहेत. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. तुझ्या बढतीसाठी लावली, घुम्या, माझ्या हातांनी. ११ जूनला ती गेली. सुटणाऱ्या बायका फाटकाबाहेर पडल्या त्या दिवसापासून चौऱ्याऐंशी दिवस होतात. रोज सकाळी वाटलं असेल, आज मामा येईल. तिला काय माहीत, मामाने सामान बांधलंय.

एक पत्र तरी मागे ठेवलं होतंस का? तुझ्या जागी आलेल्याला सांगितलंस का, ही माझी भाची आहे? नसणार. सांगितलं असतंस तर या पत्रांमध्ये ते केव्हाच लिहिलं असतंस.

समारंभाला मी येणार नाही. उभीही राहणार नाही आणि नावंही वाचणार नाही. तू गुडघे टेकताना मला बघायचंच नाही.

तुझं लाल कापड मी ठेवून घेतलं. रक्त सांडायची तयारी आहे म्हणून लाल घालतात, असं तूच मला सांगितलं होतंस. ज्या दिवशी भिंगरीची शवपेटी या घरात येईल त्या दिवशी ते तिच्यावर घालीन. त्या कापडावर हक्क तिचा आहे. कडा शिवून ठेवल्या आहेत.

पेटी कोण आणणार, विचारू नकोस. राजदूत म्हणून तू तिथून निघालास, ते झालं. पण तिने राजदूताला बोलावलंच नव्हतं. तिने कुणाला बोलावलं ते वाच. मी चिठ्ठी माझ्याकडे ठेवते, ती एक ओळ तुला उतरवून देते. ‘मग माझ्यासाठी ये.’

उशीर झालाय. तरी जा.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मी एका लाकडी बाकावर बसून लिहितो आहे. मागे भिंत, समोर लोखंडी फाटक, डावीकडे कारकुनाची खिडकी. रांगेत बहुतेक बायका आहेत, पिशव्या घेऊन आलेल्या.

तिकडे या वेळी समारंभ चालू असेल. माझं नाव वाचलं जाईल आणि जागा रिकामी असेल. पोपमहोदयांना दोन ओळींचं पत्र ठेवून आलो. दुसऱ्या ओळीत चिठ्ठीच्या चोरीची कबुली आहे. काय ठरवायचं ते ठरवतील.

मी गेलो तेव्हा भिंगरीसाठी मागे काहीही ठेवलं नाही. नवीन माणसाला सांगितलं नाही. तू लिहिलंस ते खरं आहे. निघायच्या दिवशी मोटार याच फाटकासमोरून गेली होती आणि मी कागद वाचत होतो.

साधा काळा झगा घालून आलो आहे, तू शिवलेला पहिला. पोटावर बसत नाही, दोन बटणं उघडी आहेत. खिडकीतून एक फॉर्म मिळाला. नाव, हुद्दा, कैद्याचं नाव, कैद्याशी नातं. हुद्दा मी कोरा ठेवला. कारकून म्हणाला, ‘‘हे भरावं लागतं.’’ मी म्हटलं, नाही भरणार. मग त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत थांबला आणि म्हणाला, ‘‘ही तर पाच वर्षांपूर्वीच मेली. आता भेट कसली?’’

मी म्हटलं, ‘‘मी तिला न्यायला आलोय.’’

‘‘तुम्ही कोण तिचे?’’

‘‘मामा.’’

‘‘हळू बोला, आत साहेब बसलेत.’’

मी पुन्हा म्हणालो, मामा. रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आतल्या खोलीचं दार उघडून साहेब बाहेर आला, काय गोंधळ आहे म्हणून. मग त्यालाही सांगितलं, तेवढ्याच मोठ्याने.

घुम्या